एक्सेल, कॅल्क, गुगल शीट्स: हिशेबाची फाइल इकडून तिकडे नेताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आमच्या गृहनिर्माण सोसायटीचे हिशेब पाहतो. शेजारच्या दोन बचत गटांच्या ताई आणि एका वाचनालयाचे कार्यवाह त्यांच्या फाइली अडल्या की माझ्याकडे आणतात. कुणाकडे एक्सेल, कुणाकडे लिबरऑफिसचं कॅल्क, आणि सगळ्यांनी मिळून भरायची यादी गुगल शीट्सवर. त्यामुळे रोज एकच फाइल तीन घरांतून फिरते. तेव्हा जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत.

फाइल उघडते, आकडे दिसतात. मग अडचण कसली?

अडचण तिथेच आहे. फाइल उघडलीच नाही तर आपण लगेच कुणाला तरी विचारतो. पण फाइल उघडली, रंग आले, चौकटी आल्या, की आपण निर्धास्त होतो आणि आत एखादी तारीख उलटलेली असते, एखाद्या खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य झालेला असतो. लाल अक्षरांत एरर दाखवणारा सेल परवडला. गुपचूप बदललेला आकडा ऑडिटपर्यंत पोचतो.

म्हणून फाइल हलवण्याआधी आणि हलवल्यानंतर ताळा घ्या. शाळेत गुणाकाराचा ताळा करायचो, तसाच. मी चार गोष्टी कागदावर लिहून ठेवतो: एकूण ओळी किती, मुख्य रकमेच्या कॉलमची बेरीज किती, सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नवी तारीख कोणती, आणि तारखेच्या कॉलममध्ये 'काउंट' फंक्शन किती आकडा देतं. 'काउंट' फक्त संख्या मोजतं, आणि खरी तारीख ही प्रोग्रामच्या लेखी संख्याच असते. ओळी १४० आणि 'काउंट' ८८ आलं, तर ५२ तारखा नुसता मजकूर होऊन बसल्या आहेत हे तिथल्या तिथे कळतं. याला दोन मिनिटं लागतात.

तारखा उलटसुलट का होतात?

हा सगळ्यात जास्त नुकसान करणारा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपण ०५/०४/२०२४ लिहितो तेव्हा आपल्या मनात ५ एप्रिल असतो. अमेरिकी पद्धतीत आधी महिना येतो, म्हणजे तिथे हाच मजकूर ४ मे ठरतो. गुगल शीट्सच्या फाइलचं 'लोकेल' (तारखा-आकडे कुठल्या देशाच्या पद्धतीने वाचायचे ते ठरवणारं सेटिंग) युनायटेड स्टेट्स असेल आणि तुम्ही सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकुराची) फाइल आत घेतली किंवा साधा मजकूर पेस्ट केला, तर १२ तारखेपर्यंतच्या सगळ्या तारखा निमूटपणे उलटतात. १३ तारखेपासून पुढच्या उलटूच शकत नाहीत, कारण तेरावा महिना नसतो. त्या मजकूर म्हणून डावीकडे चिकटून राहतात. एकाच कॉलममध्ये काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या, की नेमकं हेच झालंय असं समजा.

आमच्याकडे मेंटेनन्स १० तारखेपर्यंत भरायचा असतो, नंतर व्याज लागतं. एका वर्षी मी बँकेतून उतरवलेली सीएसव्ही सरळ गुगल शीट्समध्ये घेतली आणि व्याजाचा फॉर्म्युला चालवला. ५ एप्रिलला पैसे भरलेल्यांच्या नावापुढे ४ मे आला आणि वेळेत भरणाऱ्या माणसांना व्याजाची बिलं गेली. तिसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा पावती घेऊन खाली आले. त्यांनी आयुष्यात कधी उशीर केलेला नव्हता आणि त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. ज्यांनी ४ एप्रिलला भरले होते त्यांचं काहीच बिघडलं नव्हतं, कारण ०४/०४ उलटा केला तरी तोच राहतो. म्हणूनच मी वरवर चाळलेल्या दोन-चार ओळी बरोबर निघाल्या होत्या.

उपाय: गुगल शीट्समध्ये 'फाइल', मग 'सेटिंग्ज' आणि तिथे लोकेल 'इंडिया' करा. हे डेटा आत घेण्याच्या आधी करायचं, नंतर केलं तर उलटलेल्या तारखा सुलट होत नाहीत. एक्सेलमध्ये हे विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगवर ठरतं. कॅल्क सीएसव्ही उघडताना स्वतःच एक चौकट दाखवतं, तिथे कॉलमवर क्लिक करून 'दिवस-महिना-वर्ष' निवडता येतं. ती चौकट घाईघाईत ओके करू नका, ती कॅल्कची फार मोठी सोय आहे. आणि उलटलेल्या तारखा हाताने सुधारत बसू नका. मूळ फाइलकडे परत जा आणि पुन्हा आत घ्या.

तारीख मजकूर म्हणूनच पाठवायची असेल तर २०२४-०४-०५ अशी, वर्ष आधी लिहून पाठवा. तिन्ही प्रोग्राम ती एकाच पद्धतीने वाचतात.

तारखेच्या जागी ४५३८७ असा आकडा आलाय.

काही बिघडलेलं नाही. एक्सेल तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० पासूनचा दिवसांचा क्रमांक ठेवतं आणि ४५३८७ म्हणजे ५ एप्रिल २०२४. सेलचं फॉरमॅट 'डेट' करा.

यात एक जुनी गंमतशीर गोष्ट दडलेली आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, तरी एक्सेलच्या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० आहे. लोटस १-२-३ या त्या काळच्या लोकप्रिय प्रोग्राममध्ये ही चूक होती आणि त्याच्या फाइली चालाव्यात म्हणून एक्सेलने ती तशीच ठेवली. १ मार्च १९०० नंतरच्या तारखा कॅल्कशी तंतोतंत जुळतात. त्याआधीच्या जुळत नाहीत. १९०० च्या आधीची तारीख तर एक्सेल तारीख मानतच नाही, कॅल्क मानतं. वाचनालयाच्या किंवा देवस्थानच्या एकोणिसाव्या शतकातल्या नोंदी चढवत असाल तर दिवस, महिना, वर्ष असे तीन वेगळे कॉलम करा.

एका फाइलमधून दुसरीत कॉपी केलं आणि सगळ्या तारखा चार वर्षांनी मागे गेल्या.

चार वर्षं आणि एक दिवस, मोजून पाहा. जुन्या मॅकवरच्या एक्सेलमध्ये मोजणी १९०४ पासून सुरू व्हायची. तशा फाइलमधून साध्या फाइलमध्ये तारखा पेस्ट केल्या की १४६२ दिवसांचा फरक पडतो. त्या कॉलममध्ये १४६२ मिळवा.

आधार क्रमांक १.२३४५७ई+११ असा दिसतो. खाते क्रमांकाचा शेवट शून्य झालाय.

ही दोन वेगळी दुखणी आहेत. आधार १२ अंकी. १२ किंवा जास्त अंकांची संख्या एक्सेल साध्या फॉरमॅटमध्ये अशी आखडून दाखवतं, पण आत पूर्ण क्रमांक शाबूत असतो. फॉरमॅट बदललं की दिसतो. मात्र तशा अवस्थेत सीएसव्ही म्हणून सेव्ह केलं तर आखडलेलं रूपच फाइलमध्ये लिहिलं जातं आणि क्रमांक कायमचा जातो.

बँकेचे खाते क्रमांक याहून लांब असू शकतात. एक्सेल १५ अंकांपुढचं धरून ठेवत नाही, सोळाव्यापासून पुढे शून्य टाकतं. ते परत मिळत नाही. बचत गटाच्या अनुदानाची यादी अशा क्रमांकांसह बँकेत गेली तर पैसे अडकणार आणि ताई हेलपाटे घालणार.

एसटीडी कोडचं पुढचं शून्य गळतं, तेही याच सवयीमुळे. फ्लॅट क्रमांक ३-१२ लिहिला की ३ डिसेंबर होतो. गट क्रमांक १२/३ ची तारीख होते. खुद्द ७/१२ असं सेलमध्ये लिहून पाहा, तिथे सातबारा राहत नाही. हा त्रास आपल्यालाच आहे असं नाही: मानवी जनुकांच्या काही नावांची एक्सेल मार्च-सप्टेंबरच्या तारखा करून टाकायचं, म्हणून नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये त्या जनुकांची नावंच बदलली. २०२३ पासून एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांत हे आपोआप होणारे बदल बंद करायचा पर्याय आहे.

नियम साधा ठेवा. ज्या आकड्याची कधी बेरीज करायची नाही, तो मजकूर. आधार, खाते, मोबाइल, फ्लॅट, गट, पावती क्रमांक हे सगळे कॉलम लिहायला सुरुवात करण्याआधी 'टेक्स्ट' करा. गुगल शीट्समध्ये आयात करताना मजकुराचं संख्या-तारखांत रूपांतर करण्याच्या पर्यायावरची खूण काढा.

सीएसव्ही केली आणि मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली.

प्रश्नचिन्हं असतील तर नावं गेली. एक्सेलमध्ये 'सेव्ह ॲज'च्या यादीत सीएसव्हीचे एकाहून जास्त प्रकार असतात. साध्या 'कॉमा डिलिमिटेड' प्रकारात देवनागरी मावत नाही, तो प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहितो. 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडायचा. आणि मूळ फाइल हाताशी असल्याशिवाय सीएसव्ही करायचीच नाही, कारण सीएसव्हीत एकच शीट जाते आणि फॉर्म्युले, रंग, रुंदी काहीच जात नाही.

प्रश्नचिन्हांऐवजी डोक्यावर टोप्या आणि टिंबं असलेली परकी अक्षरं दिसत असतील, तर जीव भांड्यात पडू द्या. डेटा ठीक आहे, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचला जातोय. ती फाइल सेव्ह न करता बंद करा. एक्सेलच्या 'डेटा' टॅबवर 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या आणि फाइल ओरिजिनमध्ये '६५००१ युनिकोड' निवडा.

जुन्या फाइलमधली मराठी गुगल शीट्समध्ये इंग्रजी अक्षरांसारखी दिसते.

मग ती फाइल कृतिदेव, श्रीलिपी किंवा पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएमवाल्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. त्या फाइलमध्ये मराठी कधी नव्हतीच. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं आहेत, फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार काढून दाखवतो. फॉन्ट नाही तिथे बुरखा उतरतो. अशा फाइलीत अकारविल्हे क्रम लागत नाही, शोध चालत नाही.

फॉन्ट पाठवत बसण्यापेक्षा युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, रूपांतर करा. त्या-त्या फॉन्टसाठी कन्व्हर्टर मिळतात. पूर्ण शीट त्यात ओतू नका, फक्त मराठीचे कॉलम द्या, नाहीतर ईमेल आणि पॅन क्रमांकांचीही 'मराठी' होते. नंतर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा. हे काम कंटाळवाणं आहे पण एकदाच करावं लागतं, आणि पुढच्या कार्यकारिणीला तुम्ही दिलेली ती मोठी देणगी आहे.

दोन्ही याद्यांत नाव सारखंच आहे, तरी व्हीलुकअपला (एका यादीतलं नाव दुसरीत शोधणाऱ्या फंक्शनला) सापडत नाही.

मराठीत काम करणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं. 'कऱ्हाडे' हे आडनाव घ्या. एका कीबोर्डवर त्यातला अर्धा र नुक्त्याच्या ऱ पासून बनतो, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह यांपासून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. पण अक्षरचिन्हं मोजणारं 'लेन' फंक्शन लावून पाहा: एक ७ सांगेल, दुसरं ८. प्रोग्रामच्या दृष्टीने ती दोन वेगळी माणसं आहेत. 'ॲड.' चंही तसंच. ॲ हे एक अक्षर म्हणूनही येतं आणि अ वर वेगळा चंद्र देऊनही लिहिलं जातं.

बचत गटाची यादी एका ताईंनी मोबाइलवर भरलेली आणि दुसरीने लॅपटॉपवर, तेव्हा हे हमखास होतं. कुठलं रूप ठेवायचं ते ठरवा आणि 'फाइंड अँड रिप्लेस'ने दुसरं रूप बदलून टाका. आणखी एक संशयित म्हणजे वेबसाइटवरून कॉपी केलेल्या नावांमागची न तुटणारी मोकळी जागा. 'ट्रिम' फंक्शन तिला हात लावत नाही, तीही कॉपी करून रिप्लेसनेच काढावी लागते.

माझ्याकडे १२,३४,५६७ दिसतं, त्यांच्याकडे १,२३४,५६७.

रक्कम तीच आहे. स्वल्पविराम कुठे द्यायचा हे एक्सेल त्या-त्या संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगवरून ठरवतं. कुणाच्याही संगणकावर लाख-कोटी दिसायला हवे असतील तर कस्टम फॉरमॅटमध्ये हा कोड जसाच्या तसा टाका:

[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0

उणे रकमांना तो लागू होत नाही, त्या तीन-तीन अंकांनीच तुटतात. ताळेबंदात तूट असेल तर लक्षात ठेवा.

फॉर्म्युल्याच्या जागी 'नेम' एरर येते.

त्या प्रोग्रामला ते फंक्शन माहीत नाही. नेहमीचा गुन्हेगार एक्सलुकअप, म्हणजे व्हीलुकअपचा नवा अवतार. तो एक्सेल २०२१ पासून आणि ३६५ मध्ये आहे, २०१६ आणि २०१९ मध्ये नाही. लिबरऑफिसमध्ये तो २०२४ च्या २४.८ आवृत्तीत आला, 'फिल्टर', 'सॉर्ट', 'युनिक' हेही त्याच वेळी. फंक्शनच्या नावाआधी 'एक्सएलएफएन' अशी अक्षरं चिकटलेली दिसली तर तोच प्रकार. फाइल चार हातांतून जाणार असेल तर 'इंडेक्स' आणि 'मॅच' ही जुनी जोडी वापरा, ती सगळीकडे चालते.

व्हॉट्सॲपवरून आलेला फॉर्म्युला चालत नसेल तर आधी अवतरणचिन्हं बघा. ती वळणदार झाली असतील तर पुसून पुन्हा साधी टाइप करा. कॅल्कमध्ये दुसऱ्या शीटचा उल्लेख उद्गारचिन्हाऐवजी टिंबाने होतो, तो 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन एक्सेलसारखा करता येतो.

गुगल शीट्समधून एक्सेलमध्ये उतरवलेल्या फाइलचे आकडे बदलतच नाहीत.

'क्वेरी' आणि 'इम्पोर्टरेंज' ही गुगलची स्वतःची फंक्शन्स आहेत. एक्सेलमध्ये उतरवताना गुगल शेवटचं उत्तर तिथे ठेवून देतं, म्हणून आकडा दिसतो, एररही नसते. पण तो गोठलेला असतो. वरचा डेटा बदला, तो हलत नाही. सूत्र उघडून पाहिलं की 'डमीफंक्शन' असा शब्द सापडतो. उतरवलेल्या प्रत्येक फाइलमध्ये हा शब्द शोधून पाहायची मी सवयच लावून घेतली आहे.

कॅल्कमध्येही जुनेच आकडे दिसतात.

कॅल्क एक्सेलची फाइल उघडताना सहसा नव्याने हिशेब करत नाही, फाइलमध्ये साठवलेली उत्तरं दाखवतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एफ९ एकत्र दाबा. मग ताळा पुन्हा घ्या.

मॅक्रो चालतील का?

एक्सेलचे मॅक्रो (नेहमीची कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) गुगल शीट्समध्ये चालत नाहीत, गुगलच्या ॲप्स स्क्रिप्टमध्ये नव्याने लिहावे लागतात. कॅल्कमध्ये साधे काही चालतात, त्यावर विसंबू नका.

बँकेचं स्टेटमेंट उघडताना 'फाइलचा प्रकार जुळत नाही' असा इशारा येतो.

बऱ्याच संकेतस्थळांवरून उतरणारी 'एक्सएलएस' फाइल खरी एक्सेल फाइल नसते. आत वेबपानाचा तक्ता किंवा टॅबने तोडलेला मजकूर असतो, वर फक्त नाव एक्सेलचं. तुम्ही स्वतः बँकेच्या साइटवरून उतरवली असेल तर उघडा आणि लगेच एक्सएलएसएक्स (एक्सेलचा आताचा फाइल प्रकार) म्हणून सेव्ह करा. अनोळखी ईमेलमधून आली असेल तर उघडू नका. उघडल्यावर रकमांच्या मागे 'सीआर' किंवा 'डीआर' चिकटलंय का ते बघा. चिकटलं असेल तर त्या रकमा मजकूर आहेत आणि 'सम' त्यांना वगळून बेरीज देतं, काहीही न बोलता.

शेवटच्या ओळी गायब झाल्या.

जुन्या एक्सएलएस प्रकारात ६५,५३६ ओळी आणि २५६ कॉलम एवढंच मावतं. एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ कॉलम. सोसायटीच्या कामात ही वेळ येत नाही, पण इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२० मध्ये आली. सार्वजनिक आरोग्य खात्याने प्रयोगशाळांचे अहवाल जुन्या एक्सएलएस साच्यात ओढले, जागा संपली आणि १५,८४१ कोविडबाधितांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्याच नाहीत. त्यांच्या संपर्कातल्या माणसांना शोधायला उशीर झाला. तिथे ओळींचा ताळा कुणी घेतला असता तर आकडा पहिल्याच दिवशी दिसला असता. जुनी एक्सएलएस फाइल अजून वापरत असाल तर आजच ती एक्सएलएसएक्स करून घ्या.

ओडीएस (लिबरऑफिसचा फाइल प्रकार) ठेवू की एक्सएलएसएक्स?

दोन्ही आंतरराष्ट्रीय मानकं आहेत. ओडीएस ज्यात मोडतो ते ओडीएफ २००६ मध्ये मान्य झालं, एक्सएलएसएक्सचं २००८ मध्ये. समोरचा एक्सेल वापरत असेल तर एक्सएलएसएक्स द्या. तुमच्या संस्थेत सगळीकडे लिबरऑफिस असेल तर ओडीएस ठेवा. संस्थेचं दप्तर वीस वर्षांनीही कुणाला पैसे न मोजता उघडता यावं, असं मला मनापासून वाटतं. त्रास होतो तो एकच फाइल आज ओडीएस, उद्या एक्सएलएसएक्स, परवा पुन्हा ओडीएस अशी फिरवल्याने. प्रत्येक फेरीत काहीतरी झिजतं: कधी ड्रॉपडाउन, कधी रंगांचे नियम. मूळ प्रत एकाच प्रोग्राममध्ये ठेवा, बाकीच्यांना नक्कल द्या.

प्रिंट काढली की पान तुटतं, मात्रा कापल्या जातात.

फॉन्ट बदलल्यामुळे. विंडोजवरचा मंगल किंवा निर्मला लिनक्सवर नसतो, तिथे दुसरा देवनागरी फॉन्ट येतो, त्याची उंची वेगळी. सगळ्या ओळी निवडून उंची 'ऑटो' करा. नुसती छापायचीच असेल तर पीडीएफ पाठवा.

फाइल पाठवताना सोबत काय लिहू?

मी व्हॉट्सॲपवर फाइलखाली एवढं टाकतो, आणि ताईंनीही आता हेच घेतलं आहे:

'सभासद यादी, एक्सेलमध्ये बनवली. ओळी १४०, जमा रकमेची बेरीज ४,१२,३५०, तारखा १ एप्रिल ते ३१ मार्च. खाते क्रमांकाचा कॉलम टेक्स्ट आहे, बदलू नये. उघडल्यावर बेरीज जुळली का ते कळवा, मगच पुढे भरा.'